सोयाबीन फवारल्यावर हिरवं होतं, पण पोती वाढत नाहीत: सूक्ष्म अन्नद्रव्यांचं नेमकं कुठे चुकतं?

दरवर्षीची तक्रार एकच. पेरणी साधली, उगवण झकास झाली, पहिली डवरणी आटोपली, मग झड लागली. पाऊस उघडला की वावराचा खोलगट भाग पिवळाधमक. कृषी केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट येतं, दुकानदार सोबत एखादं टॉनिकही चिकटवतो, फवारणी होते आणि आठ-दहा दिवसांत पीक हिरवं दिसायला लागतं. दसऱ्याच्या सुमारास थ्रेशर लागतं तेव्हा पोती मात्र तेवढीच. तरी पुढच्या जुलैत पुन्हा तेच पाकीट, कारण "मागच्या साली फरक पडला होता ना भाऊ!"

तो फरक कशाने पडला, हेच तपासायचं आहे. चुनखडीच्या आणि पाणी धरणाऱ्या जमिनीतलं पिवळेपण बरेचदा वाफसा आला की आपोआप ओसरतं. फवारणीही नेमकी वाफशावरच होते, त्याआधी चिखलात पाय ठेवता येत नाही. मग श्रेय कोणाला मिळतं ते सांगायला नको.

आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा

धुऱ्यावर उभं राहून यातलं काही कळत नाही. पिवळ्या पट्ट्यात जाऊन बसा आणि झाड खालून वर बघत या.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, पानावर जाळी काढल्यासारख्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता. प्रकरण वाढलं की पान पांढुरकं पडतं आणि कडा करपतात. झाडाला जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला देता येत नाही, म्हणून पहिला फटका शेंड्याला बसतो. कोवळं पान शिरांसकट एकसारखं फिकं असेल तर गंधकाचा संशय घ्या. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी पडतंय, आणि सोयाबीनमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा मुळावरच्या गाठी काम करत नाहीत असा असतो. खालच्या पानांच्या नुसत्या कडा पिवळ्या होऊन वाळत असतील तर पालाश.

जस्त फसवं आहे. पान लहान राहतं, पेरं आखूड पडतात, शिरांच्या मध्ये पिवळट-तांबूस छटा येते. पण हे सगळं ठळक दिसेलच असं नाही. झाड हिरवं असूनही जस्ताअभावी दाणा कमी भरू शकतो. त्यामुळे जस्ताचा निकाल मातीच्या अहवालावर लावायचा, डोळ्यावर नाही.

आता ज्या पिवळेपणाचा अन्नद्रव्याशी संबंधच नाही ते बाजूला काढा. पानावर हिरवे-पिवळे ठिगळं, तेही वावरात इकडेतिकडे विखुरलेल्या झाडांवर, आणि पानाखाली पांढरी माशी असेल तर तो पिवळा मोझॅक आहे. २०२३ च्या खरिपात चंद्रपूर, नागपूर, वर्धा पट्ट्यात या रोगाने वावरं गेली, आणि त्यातल्या कित्येकांनी सुरुवातीला अन्नद्रव्यंच फवारली होती. विषाणूला जस्त-लोहाने काही फरक पडत नाही. झाड सुकायला लागलं असेल तर खोड उभं चिरा: आत तांबूस नागमोडी बोगदा दिसला की खोडमाशी. खोडावर गोल दोन खापा असतील तर चक्रीभुंगा. मुळाची साल हाताने सोलून निघते आणि मूळ कुजकट आहे, तर मूळकुज. आणि इमॅझेथापायरसारखं तणनाशक मारल्यानंतर चार-सहा दिवसांत शेंडा पिवळा पडला असेल तर थोडं थांबा, तो झटका बहुतेक दोन आठवड्यांत निघून जातो. जिथे पंप दोनदा फिरला, म्हणजे धुऱ्यालगतच्या वळणावर, तिथे पिवळेपण जास्त दिसतं. हीच त्याची खूण.

एवढं झाल्यावर दोन-चार झाडं खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी जमिनीतच राहतात. माती पाण्यात हलकेच सोडवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती हवेतलं नत्र धरतेय. हिरवट, करडी किंवा पोकळ निघाली तर ती बंद पडली आहे. साचलेल्या पाण्यात गाठींना हवा मिळत नाही, त्यामुळे चिभडलेल्या वावरात लोह आणि नत्र दोन्हींची ओरड एकाच वेळी सुरू होते आणि पाकिटातल्या अन्नद्रव्याने त्यातली एकच, तीही अर्धवट, भागते.

जमिनीत लोह भरपूर, तरी झाड उपाशी का?

आपल्या काळ्या जमिनीत लोहाचा तुटवडा नसतो. सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते लोह विरघळत नाही, एवढीच अडचण. सोयाबीनचं मूळ त्यावर उपाय करतं: आपल्याभोवती आम्ल सोडून लोह सुटं करतं आणि ओढून घेतं. झड लागते तेव्हा मुळांनी आणि मातीतल्या जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मातीतच कोंडतो, चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट तयार होतं, आणि ते मुळाने सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं. पाणी निचरलं, माती फुलली की हा कोंडमारा सुटतो आणि नवीन पान हिरवं निघतं.

म्हणून पिवळं दिसलं की युरिया फेकणं हा या जमिनीत सगळ्यात वाईट उपाय. मातीत नायट्रेट वाढलं की लोहाची ओढाताण आणखी वाढते. अमेरिकेत मिनेसोटा, नॉर्थ डकोटाच्या चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनला हाच आजार होतो. तिथे पिवळ्या वावरात ट्रॅक्टरच्या चाकांखालच्या ओळी हिरव्या दिसतात. दबलेल्या मातीत नायट्रेट कमी राहतं, हे त्याचं कारण सांगितलं जातं. आपल्याकडच्या पिवळ्या वावरातही हे बघण्यासारखं आहे, पण त्यासाठी वावर मुद्दाम दाबून घेऊ नका म्हणजे झालं.

चुनखडी किती आहे याचा घरगुती अंदाज घेता येतो. पिवळ्या पट्ट्यातलं कोरडं ढेकूळ घ्या, त्यावर लिंबू पिळा आणि कानाजवळ न्या. बारीक चरचर ऐकू आली, फेस दिसला, तर चुना भरपूर आहे. हिरव्या पट्ट्यातल्या ढेकळावरही तेच करा आणि दोन्हींत फरक आहे का बघा. यावरून आकडा मिळत नाही, पण वावराच्या कोणत्या भागाला हा त्रास कायमचा आहे ते कळतं.

अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी मात्र हे जसंच्या तसं लावू नये. तिथे मातीत सोडियम जास्त असतं, माती पाणीच खाली जाऊ देत नाही, आणि तिथला पहिला उपाय जिप्सम व निचरा हा आहे.

पाकिटात लोह आहे किती?

राज्यात फवारणीसाठी 'ग्रेड २' नावाने मिळणाऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणात जस्त ३ टक्के, लोह २.५ टक्के, मँगनीज १, तांबे १, बोरॉन ०.५ आणि मॉलिब्डेनम ०.१ टक्के असतं. जमिनीतून द्यायच्या 'ग्रेड १' मध्ये जस्त ५, लोह २, मँगनीज १, बोरॉन १ आणि तांबे ०.५ टक्के. पाकिटाच्या मागे हे छापलेलं असतं. वाचत कोणी नाही.

आता हिशोब करा. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, एकरी १० पंप, म्हणजे ७५० ग्रॅम ग्रेड २. त्यातून एकराला लोह मिळालं १९ ग्रॅमच्या आत. तेवढंच साधं फेरस सल्फेट, म्हणजे आपली हिराकस, त्याच मापाने मारली तर त्यात लोह १९ टक्के असल्याने एकराला १४० ग्रॅमच्या वर लोह जातं. सातपटीहून जास्त, आणि तेही स्वस्तात. पाच-सहा अन्नद्रव्यांचं मिश्रण दुकानदाराला विकायला सोयीचं असतं. पिकाला एकाच गोष्टीची भूक असेल तर ती एकच गोष्ट द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिराकस मारायची तर काही पथ्यं आहेत. खडे फिकट हिरवे असले पाहिजेत. तांबूस-पिवळी भुकटी झालेली हिराकस म्हणजे गंजलेलं लोह, ते पानाला मिळत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीत लगेच तांबूस गाळ धरतो, म्हणून आधी पंपाला १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि मग हिराकस टाका. सकाळी नऊ-साडेनऊच्या आत नाहीतर ऊन कलल्यावर फवारा, दुपारच्या उन्हात पानं करपतात. १९:१९:१९ किंवा १२:६१:० या विद्राव्य खतांसोबत मिसळू नका, स्फुरदाशी मिळून लोह आणि जस्त दोन्ही खाली बसतात आणि नोझल तेवढं चोंदतं. एका फवारणीत भागत नाही, नवीन पान पुन्हा पिवळं निघालं तर १०-१२ दिवसांनी दुसरी द्यावी लागते. आणि फवारणी फक्त पिवळ्या पट्ट्यावर. हिरव्या भागावर मारलेलं लोह पैशासकट वाया जातं.

लोहाचं चिलेट (सेंद्रिय रेणूत पकडून ठेवलेलं लोह) घेताना नाव नीट वाचा. ईडीटीए प्रकारचं फवारणीला चालतं, पण आठच्या वर सामू असलेल्या जमिनीत टाकलं तर चुना त्यातलं लोह हुसकून लावतो. अशा जमिनीत मुळाशी टिकतं ते ईडीडीएचए, आणि ते सोयाबीनसारख्या पिकाला सहसा परवडत नाही.

याउलट निचऱ्याला खर्च कमी आणि फायदा दरवर्षीचा. रुंद वरंबा-सरी यंत्राने पेरलं तर उत्तमच. ते नसेल तर शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून दर चार-सहा तासांनी, म्हणजे ओळींनी, सरी पाडा आणि ती खालच्या धुऱ्यापर्यंत काढून द्या. मध्येच संपणारी सरी पाणी काढण्याऐवजी साठवते. त्याच पट्ट्यात दोन वाणांचे तास शेजारी शेजारी पेरून बघा. चुनखडी सोसण्याची ताकद वाणागणिक वेगळी असते, आणि तुमच्या वावरात कोण टिकतो हे कोणत्याही पत्रकापेक्षा तुमचं वावर नीट सांगेल.

माती तपासली, पण कोणाची?

"कार्डावर तर जस्त पुरेसं लिहिलंय" असं सांगणारे बरेच भेटतात. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये आली तेव्हा कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीला एक नमुना, अशी पद्धत होती. म्हणजे तुमच्या कार्डावरचा आकडा शेजारच्या वावरातलाही असू शकतो. पिवळ्या पट्ट्याचा एक आणि चांगल्या पट्ट्याचा एक, असे दोन वेगळे नमुने स्वतः काढून प्रयोगशाळेत द्या. दोन आकडे शेजारी ठेवले की बोलतात.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या नमुन्याला एक काळजी लागते जी साध्या नत्र-स्फुरद-पालाशच्या नमुन्याला चालून जाते: गंजकं फावडं आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नका. मातीत आपण लाखातला अर्धा भागही जस्त मोजत नसतो, बादलीचं खरवडलेलं जस्त सगळा आकडा बिघडवतं. लाकडी खुंटीने किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने वरची १५-२० सेंटिमीटर माती घ्या, प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नका.

अहवाल आला की साधारण या मर्यादा बघतात: जस्त ०.६, लोह ४.५, मँगनीज २, तांबे ०.२, बोरॉन ०.५ आणि गंधक १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). याच्या बरंच वर असलेलं अन्नद्रव्य दिलं तर पोतं वाढण्याची आशा फार धरू नये. खाली असेल तर मात्र देऊन बघायला हरकत नाही, आणि जितकं खाली तितका फायदा दिसण्याची शक्यता जास्त.

जस्त आणि गंधक फवारणीची वाट बघत नाहीत

जस्त कमी निघालं तर ते पेरणीआधी जमिनीतून द्यायचं. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट, म्हणजे एकरी १० किलो, शेणखतात आठवडाभर मुरवून. डीएपीसोबत, म्हणजे स्फुरदाच्या खतासोबत, एकाच चाड्यात टाकू नका, दोन्ही एकमेकांना बांधून ठेवतात. वर्षानुवर्षं नुसतं डीएपी टाकलेल्या वावरात जस्त आखडतं, तेही याच वैरामुळे.

दुकानात झिंक सल्फेटच्या नावाखाली मॅग्नेशियम सल्फेट गळ्यात पडू शकतं, दोन्ही दिसायला सारखे पांढरे खडे. डीएपी पाण्यात विरघळवून वरचं निवळ पाणी एका ग्लासात घ्या, दुसऱ्यात झिंक सल्फेट विरघळवा आणि एकत्र ओता. दाट, दह्यासारखा साका बसला तर जस्त आहे. साका धरला नाही तर पावती घेऊन परत जा.

हे जस्त दरवर्षी लागत नाही. सोयाबीनच्या दाण्यात किलोमागे जेमतेम ४०-५० मिलिग्रॅम जस्त असतं. एकरी ८ क्विंटल माल झाला तरी वावरातून ३०-४० ग्रॅम जस्त बाहेर जातं, आणि १० किलो झिंक सल्फेटातून २१ टक्क्यांनी तुम्ही २,१०० ग्रॅम दिलेलं असतं. त्यातलं बरंचसं माती धरून ठेवते, तरी दोन-तीन हंगाम पुरतं. मागून हरभरा घेणाऱ्यांना त्याचा वेगळा खर्च पडत नाही.

गंधकाकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते विदर्भात पोत्यावर दिसणारा फरक बरेचदा इथेच अडकलेला असतो. सोयाबीन तेल आणि प्रथिनं दोन्ही बनवतं, दोन्हीला गंधक लागतं. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट पडायचं, त्यात स्फुरद १६ आणि गंधक ११ टक्के. एकरी तीन बॅगा टाकल्या की स्फुरदासोबत १६ किलो गंधक न मागता मिळायचं. डीएपी आणि १०:२६:२६ मध्ये ते नाही. 'तीन बॅगा उचलायच्या कशाला, एकीत काम होतं' म्हणत आपण सुपर सोडलं. गंधक कमी असलेल्या वावरात हेक्टरी २० किलो गंधक लागतं, ते सुपरमधून दिलंत तर वेगळं काही विकत घ्यावंच लागत नाही.

बोरॉन अहवालात कमी आलं तरच द्या. पुरेसं आणि घातक यांत त्याचं अंतर फार थोडं असतं. एकरी ४ किलो बोरॅक्सच्या पुढे हात जाऊ देऊ नका. मॉलिब्डेनमची चिंता तर आपल्या जमिनीत नकोच, सामू जास्त असला की ते उलट सहज मिळतं.

फायदा झाला की नाही, हे वजनकाट्याला विचारा

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. औषध, मजुरी धरून एकरी ८०० रुपये फवारणीवर गेले असं समजा. तेवढे निघायला एकरी १५ किलो सोयाबीन जास्त व्हायला हवं, बाजारात भाव त्याहून पडलेला असेल तर आणखी जास्त. एकरी १५ किलोचा फरक माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. "यंदा शेंगा जास्त वाटतात" या वाक्यावर लाखोंचा माल खपतो.

म्हणून फवारताना एक पट्टा कोरा सोडा. दहा तासांचा, धुऱ्यापासून आत, आणि फवारलेल्या दहा तासांना लागून, दोन्हीकडे पिवळेपण सारखंच असेल अशा जागी. काठ्या रोवा, नाहीतर सोंगणीच्या मजुरांना काय कळणार. १८ इंचांवर पेरलेले १०० मीटर लांबीचे दहा तास म्हणजे साडेचार गुंठे, त्यातून ८ क्विंटलच्या हिशोबाने ९० किलोच्या आसपास माल निघेल. एकरी १५ किलोचा फरक इथे पावणेदोन किलोवर येतो. तो थ्रेशरच्या कोपऱ्यातच राहून जातो. एकरी ५० किलो म्हणजे इथे साडेपाच किलो, एवढा फरक मात्र काट्यावर टिकतो. त्यामुळे जमत असेल तर असे जोडीचे पट्टे तीन ठिकाणी ठेवा. तिन्हीकडे फवारलेला पट्टाच जड निघाला तर विश्वास ठेवा. एकीकडे हा, दुसरीकडे तो, असं निघालं तर पुढच्या वर्षी पैसे सरीवर घाला.

वजनाच्या वेळी ओलावा विसरू नका. पिवळं पडलेलं पीक आधी वाळतं, हिरवं राहिलेलं दोन-चार दिवस मागे असतं. एका पट्ट्याचा दाणा १४ टक्के ओलाव्याचा आणि दुसऱ्याचा १२ चा असेल, तर ९० किलोत दोन किलोचा फरक नुसत्या पाण्याचाच येतो, म्हणजे ज्या फरकाच्या शोधात आपण निघालो तेवढाच. दोन्ही पट्ट्यांचा माल एकाच ताडपत्रीवर वेगवेगळा पसरून चांगला वाळू द्या आणि एकाच काट्यावर, एकाच दिवशी मोजा. बाजार समितीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, दोन्ही मालाची एकेक ओंजळ तिथे तपासून घेतली की वाद राहत नाही.